नवी बॅटरी, तरी तोच ‘टक’: अर्थिंगच्या पट्टीने अडवलेल्या गाडीचं प्रकरण

गाडी पाच जणांची, १.२ लिटर पेट्रोल इंजिन, साधे हाताने टाकायचे गिअर, वय सात वर्षं. बॅटरी ४५ अँपिअर-अवरची, तीन वर्षांपूर्वी बसवलेली. आठ महिन्यांपूर्वी क्लच प्लेट बदलली होती, म्हणजे त्या वेळी गिअरबॉक्स खाली उतरवला गेला होता. ही शेवटची गोष्ट सुरुवातीला कुणीच सांगितली नाही, कारण क्लचचा आणि गाडी स्टार्ट न होण्याचा संबंध कुणाला वाटलाच नाही. प्रकरणाचं मूळ मात्र तिथेच होतं.

पहिल्यांदा अडली तेव्हा

आई-वडील, आजी आणि दोन मुलं असं कुटुंब लांबच्या प्रवासाला निघालेलं. सकाळी सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) थोडा जड फिरला, पण गाडी सुरू झाली. दोन तास सलग चालल्यावर जेवायला थांबले. अर्ध्या तासाने किल्ली फिरवली तर बोनेटखालून एकच ‘टक’. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक’. तिसऱ्यांदा इंजिनाने अर्धा फेरा मारल्यासारखं केलं आणि थांबलं. डॅशबोर्डवरचे दिवे नेहमीसारखे लख्ख होते, हॉर्नही दणदणीत वाजत होता.

शेजारच्या गाडीवाल्याकडे जंपर केबल होती. त्याने ती रीतसर लावली: लाल चिमटा बंद गाडीच्या बॅटरीच्या प्लसला, लाल केबलचं दुसरं टोक त्याच्या बॅटरीच्या प्लसला, काळा चिमटा त्याच्या मायनसला आणि काळ्याचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या लोखंडी कंसाला, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन साठलेला असू शकतो, म्हणून तो मायनस टर्मिनलवर लावत नाहीत. किल्ली फिरवताच सेल्फ झटक्यात फिरला आणि गाडी सुरू झाली. निदानही तिथल्या तिथे झालं: “बॅटरी गेली.” दुसऱ्या दिवशी नवी बसली.

दुसऱ्यांदा, नव्या बॅटरीसकट

बारा दिवसांनी, ऐन दुपारी मुलांना शाळेतून आणताना पुन्हा तोच ‘टक’. या वेळी मदतीला आलेल्या माणसाने वेळ वाचवायला चारही चिमटे दोन्ही बॅटऱ्यांच्या टर्मिनलवरच लावले, लाल प्लसला आणि काळे मायनसला. पाच मिनिटं थांबून किल्ली फिरवली. काही फरक नाही. बॅटरी नवी, वर जंपर केबल लावलेली, तरी गाडी ढिम्म. मग निकाल बदलला: “सेल्फ गेला.” पाऊण तासाने इंजिन निवल्यावर गाडी रडतखडत सुरू झाली आणि घरी आली.

एकच गाडी आणि एकच लक्षण असताना जंपर केबल एकदा लागू पडली, एकदा नाही. फरक होता तो काळ्या केबलचं शेवटचं टोक कुठे लावलं एवढाच. पहिल्या वेळी ते इंजिनावर होतं, दुसऱ्या वेळी मायनस टर्मिनलवर. नेमकं याच दोन बिंदूंच्या मधे बिघाड होता.

वीज परत कशी येते

बॅटरीच्या प्लसपासून जाड केबल थेट सेल्फ मोटरला जाते. ती सगळ्यांना दिसते, म्हणून संशयही तिच्यावरच जातो. परतीच्या वाटेला मात्र सेल्फला वेगळी वायर नसते. सेल्फचं धातूचं कवच गिअरबॉक्सला बोल्टने आवळलेलं असतं. तिथून वीज इंजिन-गिअरबॉक्सच्या धातूत उतरते आणि मग बॅटरीच्या मायनसकडे येते. काही गाड्यांत मायनस केबल थेट गिअरबॉक्सपर्यंत जाते. या गाडीत ती जवळच बॉडीला लावलेली होती आणि बॉडीपासून गिअरबॉक्सपर्यंत तांब्याच्या विणलेल्या तारांची वेगळी पट्टी होती, हीच अर्थिंगची पट्टी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबर वीज वाहत नाही. त्यामुळे बॉडी आणि इंजिन यांच्यात विजेचं नातं मुख्यतः या एका पट्टीचं असतं.

दिवे, हॉर्न, डॅशबोर्ड, काचा या सगळ्यांची परतीची वाट बॉडीतून जाते. पट्टी खराब झाली तरी त्यांना काही कळत नाही. म्हणून तर पट्टी खराब असलेली गाडी दिव्यांच्या बाबतीत इतकी ठणठणीत वाटते.

पहिल्या वेळी दुसऱ्या गाडीची वीज काळ्या केबलमधून सरळ इंजिनाशी जोडली गेली आणि खराब पट्टीला वळसा मिळाला. सेल्फ फिरला तो या वळशामुळे. बॅटरी कमजोर होती असं त्यावरून ठरत नव्हतं. दुसऱ्या वेळी कितीही ताकदीची बॅटरी जोडली असती, तरी वीज त्याच अडलेल्या पट्टीतून जाणार होती.

जागेवर काय तपासता आलं असतं

गाडी अडल्यावर पहिलं काम ती रस्त्याच्या कडेला, सपाटीवर, न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढून उभी करणं. वाहतुकीच्या रस्त्यावर असेल तर मुलं आणि वयस्कर माणसं गाडीत बसवून ठेवू नयेत; कठड्यापलीकडे उभी करावीत. चारही इंडिकेटर लावून ठेवले की दर तासाला सुमारे चार अँपिअर-अवर खर्च होतात, म्हणून बॅटरीवर शंका असेल तर मागे त्रिकोणी रिफ्लेक्टर ठेवणं जास्त शहाणपणाचं. अंधारात किंवा वळणावर मात्र इंडिकेटर हवेतच, मग बॅटरी संपली तरी चालेल.

मग कान आणि छतातला दिवा. हेडलाइट या चाचणीला घेऊ नये, कारण बऱ्याच गाड्यांत किल्ली ‘स्टार्ट’वर नेली की तो मुद्दाम बंद केला जातो. छतातला दिवा लावून ठेवायचा आणि दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगायची.

दिवा अगदी मंदावला आणि बोनेटखाली भराभर ‘टकटकटक’ झालं, तर बॅटरी उतरलेली आहे. दिवा पूर्ण विझून सगळंच मेल्यासारखं झालं आणि थोड्या वेळाने परत आलं, तर बॅटरीचं टर्मिनल सैल आहे किंवा त्यावर पांढरा-हिरवा थर आला आहे. टर्मिनल हाताने जोर लावून फिरवून पाहायचं. ते जराही फिरता कामा नये. दिवा जवळजवळ तसाच तेजस्वी राहिला आणि एकच ‘टक’ आला, तर बॅटरीत जोर आहे पण सेल्फला तो पोचत नाही. अशा वेळी संशयित तीन: सेल्फच्या सॉलेनॉइडचे (किल्ली फिरवली की सेल्फला वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचचे) आतले झिजलेले संपर्क, खुद्द मोटर, किंवा इंजिनाची अर्थिंग. दिवा तसाच आणि ‘टक’ही नाही, तर रिले, फ्यूज किंवा क्लच पेडलचा स्विच बघायचा; ऑटोमॅटिक गाडी असेल तर लिव्हर न्यूट्रलमध्ये घालून पुन्हा किल्ली फिरवून पाहायची. सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर प्रकरण वेगळंच आहे, इंधन, स्पार्क किंवा इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप). तिथे जंपर केबल लावून काही मिळत नाही.

या गाडीत दोन्ही वेळा डॅशबोर्ड लख्ख होता. ती खूण तिथेच धरली असती तर पुढची चाचणी दोन मिनिटांची होती आणि तिला दुसरी गाडीही लागत नाही. जंपर केबलच्या जोडीतली फक्त काळी केबल घ्यायची. एक टोक आपल्याच बॅटरीच्या मायनस टर्मिनलला, दुसरं टोक इंजिन किंवा गिअरबॉक्सच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला: एखादा जाड बोल्ट, इंजिन उचलायची कडी. पट्टा आणि पंखा यांपासून केबल लांब ठेवायची. किल्ली फिरवली आणि सेल्फ झणझणीत फिरला, तर बिघाड अर्थिंगमध्ये आहे हे सिद्ध झालं आणि गाडीही सुरू झाली. केबल मात्र खरी जाड हवी. १६ चौरस मिलिमीटर तांबं लहान पेट्रोल इंजिनाला पुरतं, डिझेलला किमान २५. वरून जाडजूड दिसणाऱ्या पण आत नावापुरत्या तारा असलेल्या केबलने ही चाचणी फसते आणि माणूस सेल्फ बदलायला निघतो.

अशी अडलेली गाडी धक्का मारूनही सुरू होते, कारण त्यात सेल्फ लागतच नाही. गिअर दुसरा, इग्निशन ऑन, क्लच दाबलेला, गाडी धावत्या माणसाच्या वेगाला आली की क्लच पटकन सोडायचा. इंजिन सुरू होईपर्यंत ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड लागतात, त्यामुळे उतारावर हा प्रयोग बेताने करावा. ऑटोमॅटिक गाडीत तो होतच नाही.

मीटर काय म्हणाला

नीट मोजमाप झालं ते घरी. फ्यूएल पंपाचा फ्यूज काढला, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन सुरू होणार नाही. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर. एकाने किल्ली धरायची, दुसऱ्याने वाचायचं. एका वेळी चार-पाच सेकंद, मधे किमान अर्धा मिनिट विश्रांती. हातातलं धातूचं घड्याळ आणि अंगठी काढून ठेवलेली बरी. प्लस आणि बॉडी यांच्यात ती आली तर क्षणात लाल होते.

इंजिन थंड होतं, त्यामुळे सेल्फ जडपणे का होईना फिरत होता. क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या मीटरवर) प्रवाह सुमारे ११० अँपिअर.

किल्ली न फिरवता बॅटरी १२.४ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी विसावल्यावर १२.६ ते १२.७ दाखवते, १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे अर्धी. नव्या बॅटरीचा हा आकडा बारा दिवसांत इथवर यायला नको होता. हा धागा पुढे येतोच.

सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलमध्ये ११.३. हा आकडा उत्तम आहे, आणि तो उत्तम असणं हीच शंकेची जागा. इतका जड फिरणारा सेल्फ आणि बॅटरी मात्र निवांत, म्हणजे सेल्फ वाट्याची वीज घेऊच शकत नाही. सेल्फच्या जाड बोल्टपासून त्याच्या कवचापर्यंत फक्त ७.६ व्होल्ट पोचत होते. मधले ३.७ व्होल्ट वाटेत हरवत होते.

ते शोधायला मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसवर, दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर: ०.३. सेल्फ फिरताना प्लसच्या बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. मग एक तार मायनस टर्मिनलवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर: ३.४ व्होल्ट. इथे ०.२, फार तर ०.३ पलीकडे जाता कामा नये. शेवटची फोड: मायनस टर्मिनल ते बॉडी ०.१, बॉडी ते इंजिन ३.३. पट्टी सापडली.

तीन व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात. ३.३ व्होल्ट भागिले ११० अँपिअर म्हणजे ०.०३ ओहम. साध्या मल्टिमीटरवर ओहमची सगळ्यात खालची रेंज ०.१ ओहमच्या पायरीने वाचते, म्हणजे ही खराब पट्टी त्यावर धडधाकट दिसते. कंटिन्युइटीची (वायर सलग आहे का ते सांगणारी) शिट्टीही खुशाल वाजते. विणलेल्या पट्टीतली शेवटची एक तार शाबूत असली तरी ती वाजेल. म्हणून अर्थिंग तपासायची ती वीज वाहत असताना व्होल्ट मोजून. बंद गाडीत मोजलेल्या ओहमवर गॅरेजमध्ये जितकी अर्थिंग ‘पास’ होते, तितकी क्वचितच दुसऱ्या कशावर होत असेल.

त्याच ०.०३ ओहममध्ये ३६० वॉटहून जास्त उष्णता तयार होत होती. पाच सेकंदांनी पट्टीच्या टोकाला हात लावला तर चटका बसत होता. गरम झालेला खराब जोड आणखी खराब होतो. दोन तास चाललेलं इंजिन आणि वर त्याची धग, यामुळे गाडी नेमकी गरम असतानाच अडायची आणि निवल्यावर सुरू व्हायची.

बॅटरी का उतरत होती

इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा अल्टरनेटरही इंजिनावरच बसवलेला असतो. त्याच्या विजेची परतीची वाट त्याच पट्टीतून, फक्त उलट्या दिशेने. इंजिन चालू, हेडलाइट आणि पंखा लावलेला, अशा स्थितीत अल्टरनेटरच्या बोल्टपासून त्याच्या कवचापर्यंत १४.४ व्होल्ट होते आणि बॅटरीवर पोचत होते १३.३. प्रवाह सुमारे ३० अँपिअर, पट्टीत ०.९ व्होल्ट गेले, उरलेले वायर-जोडांत. १३.३ वर बॅटरी मरत नाही, पण पुरती भरतही नाही. महिनोन्‌महिने अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होत जातो आणि मग ती खरोखरच जाते. पट्टी अशी दोन्हीकडून खाते: सेल्फला वीज नेऊ देत नाही आणि बॅटरीला भरू देत नाही. बॅटरी मोजली की उतरलेली सापडते, म्हणून तीच बदलली जाते. नवी बॅटरी १२.६-१२.७ वर येते, थोड्या जोरावर अडथळा रेटते, काही दिवस सगळं ठीक वाटतं.

चार्जिंग स्वतः कमी-जास्त करणाऱ्या नव्या गाड्यांत अल्टरनेटरचे व्होल्ट १२.५ ते १५ मध्ये कुठेही असू शकतात. तिथे एका आकड्यावर विसंबू नये. अल्टरनेटर आणि बॅटरी यांच्यातला फरक मोजावा.

सेल्फ बदलला असता तर? काढून टेबलावर ठेवून, केबलने थेट बॅटरीला जोडून फिरवला असता तर तो छान फिरला असता, कारण टेबलावर पट्टी मधे येतच नाही. नवा बसवल्यावर जोड थोडे हलले असते, काही दिवस तोही चालला असता.

पट्टी काढल्यावर

बॅटरीचा मायनस आधी सुटा केला. जोडताना तो शेवटी. पट्टी बॅटरीच्या ट्रेखाली होती, त्यामुळे ट्रे काढावा लागला. बॉडीकडचं टोक ठीक होतं. गिअरबॉक्सकडचा बोल्ट पाना लावताच जवळजवळ बोटाने फिरला. लगच्या (पट्टीच्या टोकाला बोल्टसाठी असलेल्या छिद्राच्या धातूच्या तुकड्याच्या) खाली अॅल्युमिनियमच्या कवचावर पांढरी भुकटी. तांबं आणि अॅल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना लागले की अॅल्युमिनियम गंजतं आणि त्याची भुकटी वीज अडवते. लगच्या तोंडाशी विणलेल्या तारांपैकी निम्म्याहून जास्त तुटलेल्या, उरलेल्या हिरव्या पडलेल्या. क्लचच्या कामात पट्टी सोडली गेली, परत लावताना जागा पुसली नाही आणि बोल्ट पुरता आवळला नाही. सैल लग इंजिनाच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर हलत राहिला आणि तारा एकेक करून तुटल्या.

नवी पट्टी २५ चौरस मिलिमीटरची, टिनचा मुलामा असलेली, दोन्ही टोकांना ८ मिलिमीटर छिद्राचे लग, लांबी जुनीपेक्षा थोडी जास्त. ताणून बसवलेली पट्टी पुन्हा तुटते. इंजिन हलतं तेवढा झोल हवाच. अॅल्युमिनियमची जागा स्टीलच्या ब्रशने चमकेपर्यंत साफ केली, बॉडीकडची १२० नंबरच्या पॉलिश पेपरने. ग्राइंडर लावू नये, जागा खोलगट होते आणि लग सपाट बसत नाही. लगला लागून दातेरी वॉशर, मग बोल्ट. अॅल्युमिनियममधले आटे सहज जातात, त्यामुळे ८ मिलिमीटरच्या बोल्टला २० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो धरायचा. पेट्रोलियम जेली जोड आवळून झाल्यावर बाहेरून, पाणी शिरू नये म्हणून. आवळण्याआधी लगखाली फासली तर बोल्टला घसरण मिळते आणि तो ठरल्यापेक्षा जास्त आवळला जातो.

सुट्या भागाची वाट पाहायची असेल तर जुनी पट्टी जागच्या जागी ठेवून शेजारी दुसरी लावली तरी चालतं. विजेला दोन वाटा असण्यात तोटा नाही.

एक जागा विसरली जाते. पट्टी अडली की सेल्फची वीज दुसरी वाट शोधते, आणि इंजिन ते बॉडी असा धातूचा दुसरा दुवा म्हणजे गिअरच्या किंवा क्लचच्या केबल. त्यांच्यातून शंभर अँपिअर गेले तर बाहेरचं प्लास्टिक वितळतं. इथे गिअरची एक केबल टोकाशी मऊ होऊन फुगलेली सापडली. गिअर अजून नीट पडत होता, तरी ती बदलली, कारण आतलं अस्तर वितळलेलं असेल तर केबल मधेच अडकते.

बसवून झाल्यावर पुन्हा मोजलं. सेल्फ फिरताना मायनस ते इंजिन ०.१५, सेल्फवर १०.४, बॅटरीवर १०.९. बॅटरीचा आकडा आधीपेक्षा खाली आला, आणि तेच बरोबर आहे: सेल्फ आता हवी तेवढी वीज घेत होता. चार्जिंग बॅटरीवर १४.२. मायनस सुटल्यामुळे घड्याळ आणि काचांचं एका दाबात वर जाणं नव्याने लावावं लागलं. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की बहुतेक गाड्यांत ते पुन्हा शिकतं.

राहिली जुनी बॅटरी. ती परत द्यायची राहून गेली होती, म्हणून तपासता आली. १२.१ व्होल्टवर होती. ४.५ अँपिअरच्या चार्जरवर रात्रभर भरली, काही तास विसावू दिली: १२.६५. तिच्या लेबलवर सीसीए (कडक थंडीत सेल्फ फिरवायला बॅटरी किती अँपिअर देऊ शकते तो आकडा) ३६०. त्याच्या निम्मा, म्हणजे १८० अँपिअर भार १५ सेकंद लावला. साधारण २० अंश तापमानाला या चाचणीत व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी नापास. ती १०.१ वर थांबली.